ओसरीवरचा मुसाफिरखाना

आई,

आज नातीसंग एअरपोर्टवर गेली होती. जायचं कुठंच नव्हतं, तिची नवी नोकरी पाहायले गेली. लय खूष आहे मी! इमारत अर्धी पाडलेली, उरलेल्या अर्ध्यात लोकं बसून राहिले, आणि मधात फळ्या ठोकून केलेली गल्ली. नात म्हणे, "आजी, काम चालू, पण एक दिवस बी बंद नाही ठेवता येत." मी म्हटलं, मले कायले सांगतेस बाई, आमच्या घरातच झालं हे. "घरात?" म्हणे. सांगायले लागली, तर तिले फोन आला. म्हणून तुलेच सांगते. मी चौथीच शिकली आहे, सांभाळून वाच.

पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला होता तेव्हाचं. आपलं भिलाईचं टेशन एवढुसं, आणि गाडीतून माणसं उतरत ते ट्रंका, खाटा, तुळशीच्या कुंड्या घेऊन. टेशन मोठं करायचं ठरलं, पण गाड्या थोड्याच थांबतात! सगळ्यात पहिले बायांचाच मुसाफिरखाना पाडला. बाबा टेशनावर पोर्टर, आपलं क्वार्टर लायनीले लागून. मास्तरसाहेबानं त्यांना विचारलं, नवी खोली होईपर्यंत बायांना तुमच्या ओसरीवर बसू देता का. बाबा मान खाजवत घरी आले. तू तांदूळ निवडत होती. "बसू दे ना बाप्पा," तू म्हटलं, "ओसरी का आपण चाटतो?"

झालं. कोणी गाडीची वाट पाहे, कोणी खुर्सीपारच्या वस्तीतून येणाऱ्या नवऱ्याची. कोणी पंजाबी बोले, कोणी बंगाली, कोणी तेलुगू. तुले यातलं काहीच येत नव्हतं आणि तू सगळ्यांशी बोलत होती. माझी पितळेची ताटली त्यांच्या पोरींपुढे, माझी उशी त्यांच्या डोक्याखाली. खोबऱ्याचं तेल, जे मले सणालेच दिसे, ते त्यांच्या केसांत. मी जवळ आली की तू म्हणे, "सरक वो पोट्टे, पाहुणी आहे ते." रोज नवी पाहुणी! आणि जिच्यावर जळावं ते संध्याकाळच्या गाडीनं चालली जाये. दुसऱ्या दिवशी दुसरीवर पहिल्यापासून जळा. आई, थकून जायची मी.

एक दिवस तू म्हटलं होतं, दुपारी तुझे केस विंचरून देते. दुपारी पाहते तर एक बंगाली पोट्टी तुझ्या मांडीत, केस हे कमरेपर्यंत. मी आत जाते. तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात उशी बांधून गाठोडं करते, ओढणी नाकापर्यंत ओढते आणि मागच्या दारानं निघते. गिट्टीच्या ढिगाले वळसा मारून प्लॅटफॉर्मवर जाते, आणि तिथून गाडीतून उतरलेल्या बायांच्या मागं मागं आपल्याच ओसरीवर येऊन कोपऱ्यात बसते.

तू तांब्या घेऊन आली. "पाणी घ्या बाई. कुठल्या गावच्या?"

"नागपूरच्या," मी जाड आवाज काढून म्हटलं.

"एकट्याच निघाल्या?"

"हाव. आमच्या आईले फुरसत नाही."

बाजूची बाई फस्सकन हसली. तू नाही हसली. "असं का? बसा मंग. गाडीले टाइम आहे." मंग माझ्या मागं बसली, ओढणी सरकवली आणि तेल ओतलं. इतकं, की कानामागून ओघळ आला. "केस छान आहेत बाई तुमचे," तू म्हटलं. "घरी कोणी सांगत नाही वाटते." मी गाठोड्यात तोंड खुपसलं.

बाबांनी गाडीची घंटी दिली. खणलेल्या नालीवर फळी टाकलेली होती, तिच्यावरून तू एकेका बाईले हात धरून नेत होती. माझाही धरला. मले वाटलं, आता ही खरंच गाडीत बसवते! इंजिन समोर आलं तशी मी तुझ्या लुगड्यात शिरली.

"जायचं नाही का बाई?"

"नाही."

"मंग चला. कणीक मळायची आहे."

घरी आलो, आणि मी पुन्हा "पोट्टे". पुढे नवी खोली झाली, सिमेंटचे बाक, पिवळ्या भिंती. बाया तिकडे गेल्या. मी ओसरीभर नाचली, आणि तू बायांच्या पाण्याच्या रिकाम्या रांजणाकडे पाहत बसली, तेही मले खुपलं. पण खरी जळते मी त्या गाठोडंवालीवर. केस छान आहेत, हे तू तिले सांगितलं. मले कधीच नाही सांगितलं. कावून वो?

आज नात एका म्हाताऱ्या बाईचा हात धरून त्या फळ्यांच्या गल्लीतून नेऊन राहिली होती. "आराम से, दादी, आराम से." माझी तर ते, माझी! पुन्हा तेच जुनं जळणं, या वयात. मी खुर्चीवर सरळ बसली, पिशवी मांडीवर घेतली, पदर डोक्यावरून पुढे ओढला. ती घाईत आली, माझ्याकडे न पाहता म्हणे, "माताजी, पानी?" मी मुंडी हलवली. तिनं पेला दिला. ओळखलं का नाही, मी विचारलं नाही.

हे पत्र काही कुठं टाकायचं नाही, गादीखाली ठेवीन. पण तुले म्हणून सांगते, एक पेला पिऊन मी दुसरा मागितला. तहान पहिल्यालेही नव्हती.