त्याला घरी पोचवून आलो

तीर्थरूप आई,

पायांवर डोकं ठेवतो. आधी एवढं वाच, मी धडधाकट आहे. बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला तो माझ्या खोलीतला सुतार. फोनवर ज्याचा खोकला ऐकून ‘त्याला काढा करून दे’ म्हणाली होतीस, तोच.

त्याला घरी पोचवायला कंपनीने मलाच पाठवलं. सोळा तासांचं विमान. मी वर खिडकीशी, तो खाली सामानात. जेवण वाढणाऱ्या मुलीने सहज विचारलं, “एकटेच निघालात?” ‘हो’ म्हणालो आणि ताट तसंच परत दिलं.

दारात पेटी उतरवली. त्याच्या आईने तिच्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “किती वेळ लागला रे यायला?”

“सोळा तास, मावशी.”

“एवढं लांब होतं होय? मला म्हणायचा, तू नुसती हाक मार, संध्याकाळच्या आत दारात उभा राहतो.”

आई, तुला तरी मी दुसरं काय सांगत आलोय?

तिथून आपलं घर बसने एका रात्रीवर होतं. पण परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी होतं, म्हणून आलो नाही. रागावू नकोस. आता खालच्या मजल्यावरचं काम मागितलंय, देतील बहुतेक.

बाबांचा गुडघा कसा आहे? धाकटी नीट जेवते ना?

आणि तू दुखणं अंगावर काढत बसू नकोस. जरा कणकण वाटली तरी लगेच कळव. मला यायला वेळ लागतो, आई.

तुझा,
थोरला