शोभाचं वाण

गंगाखेड, शुक्रवार संध्याकाळ

संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं, बायका गेल्या, पण शोभाचं बोलणं डोक्यातून जाईना.

वाणाला सगळ्यांसाठी स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. शोभासाठी मात्र परभणीला जाऊन मुद्दाम कादंबरी आणली. शाळेत आमी एका बाकावर बसायचो. मास्तर फळ्यावर लिहायचे आन् ही मांडीवर पुस्तक लपवून वाचायची. तिच्यासाठी दुकानात किती पुस्तकं चाळली मी!

हातात दिलेलं पुस्तक तिनं उघडलंसुद्धा नाही. हळूच म्हणाली, "मला वाटी न्हाई का गं?"

लय राग आला. लग्न झालं की बाई एवढी बदलती? एका वाटीसाठी? स्वयंपाकघरात ओढून नेऊन विचारलंच तिला.

"घरी गेल्यावर सासूबाई वाण बघत्यात," ती म्हणाली. "वाटी फडताळात जाती. पुस्तक दिसलं की म्हणत्यात, हिला वाचायला येळ मिळायलाय, म्हंजे कामं कमी पडायलीत."

दिली वाटी. काय करणार? निदान पहिलं पान तरी इथंच वाचून जा, म्हणाले.

वाटी पदराखाली घेत ती म्हणाली, "नको गं. मग पुढं काय झालं असंल, तेच डोक्यात राहतं."