रेश्माच्या गालावरचे खड्डे

३ डिसेंबर
नात आली मिरजेवरनं, लय बरं वाटलं. नर्सिंगला हाय रेश्मा. तोंडाला ओढणी, घरात बी सोडंना. म्हणाली, "वॉर्डातली पोरं इचारत्यात आज्जे, देवी आल्त्या का म्हून. मी आता जाणार न्हाई परत."

५ डिसें.
शेजारची मंगल न बोलवता आली. गालावर गोगलगाय फिरवा म्हणं. शी. च्या पाजून वाटंला लावली. साखर जास्त पडली हुती, तरी कप चाटून गेली.

९ डिसें.
एश्टीनं सांगलीला. कातडीची डॉक्टरीण पोरगेलीच हाय. भिंगातनं बघून म्हणाली, "मुरमांचं फोड थांबलेत, आता खड्ड्यांचं बघू. कुणी दाबत हुतं का हे?"
रेश्मानं माझ्याकडं बघितलं.
मीच दाबत हुते. मेंढराचं गळू पिळलं की जनावर मोकळं हुतं, म्हून हिला बी दर आयतवारी मांडीवर घेऊन... रडायची. मी म्हणायची, गप, घाण निघतीया. बोटं लुगड्याला पुसायची. आज माझ्याच बोटांची किळस येतीया.
सांगितलं, मी म्हून. डॉक्टरीण रागावली न्हाई. म्हणाली, "दाबलं की आतली कातडी फाटती आजी. भरताना खाली वढली जाती, तोच खड्डा."
मग बधिराचं मलम लावून बारीक सुया टोचल्या, नवी कातडी धरावी म्हून. समद्या गालावर रगात. मी भाईर जाऊन वकले.
असं चार-पाच डाव, महिन्या-महिन्यानं. खड्डं कमी हुतील, साफ जाणार न्हाईत. ऊन टाळायचं, हात लावायचा न्हाई.

१० डिसें.
तोंड लालभडक. सवयीनं हळद उगाळून न्हेली. रेश्मा भिंतीपतूर मागं सरकली. "आज्जे, हात न्हाई लावायचा." वाटी उकिरड्यावर वतली.
ल्योक, रेश्माचा बा, म्हणाला, "आये, मेंढरं बी पळत्यात तुला बघून." तशा तोंडानं बी रेश्मा हसली. बरं वाटलं, आन् लाज बी.

१४ डिसें.
पापुद्रं निघत्यात, सापाच्या कातीगत. बघवंना, तरी बघतीया. उन्हाचं मलम ती सोताच लावती.

१७ डिसें.
जाते म्हणाली कालेजला. जानेवारीत सांगलीला मी येऊ का इचारलं. "बघू."
पाया पडली. बोटं मोडायला तिच्या गालाकडं हात न्हेलं आन् मधीच थांबले. ती मागं सरकली न्हाई. फुडं बी आली न्हाई. तेवढ्यात एश्टी आली, आन् ती गेली.