मंगळावरच्या हमालाच्या पोशाखाची व्यवस्था

मी, आनंदी दीनानाथ वाल्हेकर, वय सत्तर, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी ती सांगितली, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे हेही सांगितले. माझी शाळा चौथीत सुटली, पण वडिलांचे रद्दीचे दुकान होते, त्यामुळे वाचन सुटले नाही. भाषा कुठे कायद्याची आणि कुठे मासिकातली वाटली तर कारण हेच. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मीच एकावर आणला होता. त्याचा खुलासा कलम सात व आठमध्ये केला आहे.

कलम १. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. यापूर्वी एकही केलेले नाही, पण माझी वकील उल्का म्हणाली, लिहावे लागते. उल्का वरच्या मजल्यावरची. लहानपणी आमच्या दुकानातून कॅसेटी न्यायची. मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

कलम २. बिबवेवाडीतील दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर असून तो व्हिडिओ लायब्ररीच्या कमाईतून घेतला आहे. लायब्ररी माझे यजमान कै. दीनानाथ यांनी चौऱ्याऐंशी साली काढली. भाड्याचा गाळा, भिंतभर कॅसेटी आणि गल्ल्यावर हे. मोठे चित्रपट आम्हाला परवडत नसत. आमच्याकडे असत ते गरीब चित्रपट: रबरी राक्षस, पुठ्ठ्याची याने, आणि एकच खलनायक मिशी बदलून पुन्हा पुन्हा मरायचा, कारण दुसऱ्या नटाचे पैसे नसत. हे गेल्यावर दुकान मी चालवले. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या, सीड्या जाऊन काहीच आले नाही, तेव्हा बंद केले. हा फ्लॅट माझ्या मागे माझा मुलगा माधव यास मिळावा. त्यावर एक अट होती, ती पुढे.

कलम ३. बँकेतील ठेवी, पाटल्या आणि व्हीसीआर माझी मुलगी हेमा हिला द्यावा. व्हीसीआर माधवला देत नाही, कारण तो चित्रपट बघताना फोन बघतो.

कलम ४. लाल टिकलीच्या सर्व कॅसेटी हेमाला.

टिकल्यांचे असे आहे. हे गेल्यावर माझी टिकल्यांची पाकिटे कपाटात पडून होती. जाऊबाई म्हणाल्या, कुणाला तरी देऊन टाक. मी त्या कॅसेटींना लावल्या. दुकानात आलेली प्रत्येक कॅसेट आधी मी बघायची. लाल टिकली म्हणजे गोष्ट चांगली. काळी टिकली म्हणजे मारामारी चांगली, गोष्टीची चौकशी करू नये. टिकलीच नसेल तर घरात उठत नसलेला पाहुणा असल्यास न्यावी. मार्केट यार्डातले हमाल दारातूनच विचारत, "बाई, लाल काय आलीय?"

निवाडा कसा करायचा ते हेमासाठी लिहून ठेवते. राक्षस रबराचा चालेल, त्याला भूक का लागली ते कळले पाहिजे. उडणाऱ्या माणसाची दोरी दिसली तरी चालेल, तो कुठे आणि कशासाठी निघाला आहे ते दिसले पाहिजे. बंदूक लाकडाची असू दे, पण गोळ्या कधीतरी संपल्या पाहिजेत. नायक बक्षिसासाठी लढला तर ती नुसती मारामारी. त्याला जायचे नव्हते, कोणी भाग पाडले नव्हते आणि तरीही तो गेला, तर गोष्ट. पैसे नाहीत म्हणून पुठ्ठा वापरला, हे मी समजू शकते. पण विचाराला भाडे पडत नाही, तो का नाही केला?

चूक माझीही होई. एका चित्रपटात परग्रहावरची टोळी पृथ्वीचे सगळे पाणी चोरते आणि शेवटी नायक त्यांचे यान पेटवून देतो. मी लाल टिकली लावली होती. सर्जेराव हमाल कॅसेट परत आणून म्हणाले, "बाई, त्यांच्याकडं टाक्या भरून पाणी हाय. मग इझवत का न्हाईत?" मी त्यांच्यादेखत टिकली काढली.

कलम ५. माझे थोरले दीर शरच्चंद्र, निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या धंद्याला 'पुठ्ठ्याचा बाजार' म्हणत. जेवायला आले की विचारत, "आनंदी, यात वाङ्मयीन मूल्य काय?" आणि जाताना काळ्या टिकलीच्या दोन पिशवीत टाकत, "मुलांसाठी." मुले तेव्हा अमेरिकेत होती. एकही कॅसेट त्यांनी कधी उलटी फिरवून परत केली नाही. कॅसेट उलटी फिरवण्याचे आमचे यंत्र त्यांना द्यावे. अजून उत्तम चालते.

कलम ६. लग्नाच्या शूटिंगचा जुना व्हिडिओ कॅमेरा मैनुद्दीनभाई यांना द्यावा. मैनुद्दीनभाई यजमानांचे जिवलग मित्र. मार्केट यार्डाजवळ टेम्पोच्या बॉड्या बांधायचे. या कॅमेऱ्यावर दोघांनी मिळून एक चित्रपट काढला, नाव 'मंगळावरचा हमाल'. केबलवाल्याला द्यायचा होता.

कथा यजमानांची. मार्केट यार्डातल्या एका हमालाला मंगळावरचे लोक उचलून नेतात. मंगळावर वजन कमी भरते, त्यामुळे जो इथे एक पोते वाहायचा तो तिथे ढीगच्या ढीग पेलतो. त्याला राजा करतात. पण घरची आठवण काढून काढून तो परत येतो, यार्डात उभा राहतो, समोर कांद्याचे पोते. इतकी वर्षे हलके उचलून त्याच्या अंगातली ताकद गेलेली आहे. आता?

हमाल झाले हे स्वतः. ताडपत्रीला चंदेरी रंग देऊन पोशाख मी शिवला. डोक्यावरचे टोप मैनुद्दीनभाईंनी टेम्पोच्या पत्र्याचे केले. मंगळ ग्रह वाघोलीकडच्या दगडखाणीत होता. एकदा शूटिंगहून दोघे तसेच स्कूटरवरून येताना येरवड्याला, तुरुंगाच्या अलीकडे, हवालदाराने अडवले.

"कुठून?"

हे म्हणाले, "मंगळावरून."

"कागदपत्रं?"

"मंगळाची की गाडीची?"

"आधी गाडीची."

गाडीची बरोबर होती, म्हणून सोडले.

शेवटचा प्रसंग काय आहे ते मी विचारले नाही. निकाल देणाऱ्याने उत्तर आधी बघायचे नसते. तो प्रसंग एका रविवारी घ्यायचा होता. त्याआधीच्या बुधवारी हे दुकानात बसल्या जागी गेले. समोरच्या गिऱ्हाइकाला बराच वेळ वाटले, टीव्हीत काहीतरी बघत आहेत. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. दुःख जुने झाले म्हणून कमी होत नाही, घरातल्यासारखे होते. त्याची जागा ठरलेली असते, येता जाता पायात येत नाही.

शेवट फक्त मैनुद्दीनभाईंना माहीत आहे. त्यांनी तो बायकोलाही सांगितलेला नाही. त्यांना याच मृत्युपत्राचे साक्षीदार करणार होते, पण उल्का म्हणाली, ज्याला वस्तू मिळते त्याची साक्ष चालत नाही. ते रुसून म्हणाले, "मग कॅमेरा राहू द्या वहिनी, सही घ्या माझी." मी ऐकले नाही. सही करणारे पुष्कळ मिळतील.

कलम ७. अट. यंदा गणपतीत माधव आला होता. अंघोळ करून, ओले केस मागे फिरवून बाहेर आला, आणि दारात आलेले मैनुद्दीनभाई उंबऱ्यावरच खाली बसले. मीही तेच पाहिले. माधव आता वडिलांच्या शेवटच्या वयाचा झाला आहे आणि चेहरा जशाच्या तसा आहे. या वर्षी आहे, पुढच्या वर्षी तो वडिलांपेक्षा म्हातारा दिसू लागेल. मैनुद्दीनभाई शहात्तर वर्षांचे आहेत आणि हल्ली जिना चढताना मध्ये थांबतात.

मी माधवला सांगितले, पोशाख घाल आणि तेवढा शेवट पुरा कर.

तो म्हणाला, "आई, माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत."

"तुझ्या बाबांच्या हाताखाली सबंध मंगळ होता."

"बाबांची फिल्म मी ऑफिसात दाखवली होती थोडी. सगळे हसले."

"कशाला हसले?"

"टोपाला. त्यावर मागे हॉर्न ओके लिहिलंय."

"आणि हवालदारासारखा बोलणारा तो मंगळावरचा पहारेकरी, त्याला?"

"तिथपर्यंत बघितलीच नाही कोणी."

"तू?"

त्याने हातातला फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "मी पण हसलो, आई."

हसल्याचा मला राग नाही. पोट धरून हसावे, पण गोष्टीला हसावे. पुठ्ठ्याला कोण हसत नाही, त्याला अक्कल लागत नाही.

म्हणून मी या कलमात अशी अट घातली होती की, माधवने मार्केट यार्डात उभे राहून, चंदेरी पोशाख घालून, मैनुद्दीनभाई सांगतील तसा शेवटचा प्रसंग पूर्ण केला तरच फ्लॅट त्याचा, अन्यथा फ्लॅट हेमाचा.

उल्का म्हणाली, "काकू, कोर्टात यावर वाद होईल."

मी म्हटले, "माधवच्या मनात झाला तरी बास."

मग तिने सबंध मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "म्हणजे माधव पोशाख घालणार. बिबवेवाडीत फ्लॅट मिळत असेल तर मीसुद्धा घालीन."

कलम ८. त्यावर मी दोन दिवस विचार केला. उल्काचे बरोबर आहे. कोणीही घालील. जन्मभर दुसऱ्यांच्या कॅसेटींवरून टिकल्या काढल्या आणि स्वतःच्या मृत्युपत्रात बक्षिसासाठी लढणारा नायक लिहून बसले. यजमानांच्या गोष्टीचा शेवट असा विकत घेतलेला मला नको. त्यांनाही चालला नसता.

सबब कलम सातमधील अट मी पूर्णपणे रद्द करत आहे. उल्का म्हणाली, कागद नव्याने लिहू. मी नको म्हटले. अट होती हे माधवला कळू दे, आणि ती काढली हेही, म्हणून याची एक नक्कल त्याला आजच पाठवत आहे.

फ्लॅट माधवला, विनाअट. पोशाख आणि टोपही माधवला, विनाअट. पोशाखाला इस्त्री करू नये, रंग वितळतो. त्याने तो बोहारणीला देऊन पातेले घेतले तरी कायद्याने तो मोकळा आहे आणि मी भुताच्या रूपानेही काही बोलणार नाही. 'मंगळावरचा हमाल' ची कॅसेट तूर्त मैनुद्दीनभाईंकडे राहील. तिला मी अद्याप टिकली लावलेली नाही. अर्ध्या गोष्टीचा निकाल लावता येत नाही, मग ती आपल्या माणसाची का असेना.

काल मैनुद्दीनभाईंना सांगितले, अट काढली.

ते म्हणाले, "अहो वहिनी, मग आता पुढं काय होणार?"

"मला नाही माहीत."

"तुम्हाला नाही माहीत? सुरुवातीच्या नावांच्या पाट्या वर जायच्या आत शेवट सांगायच्या तुम्ही. दीनानाथ म्हणायचा, हिच्याबरोबर बघण्यात मजा नाही."

"नाही माहीत."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी दिले तर म्हणाले, "मग थोडं थांबा. एवढ्यात मरू नका."

मी तशी काही घाई केलेली नाही. मुलगा येईल किंवा येणार नाही. आला तरी पोते उचलले जाईल की नाही, हे दुसऱ्याच कोणाला तरी माहीत आहे. छातीत धडधडते आहे आणि फार बरे वाटते आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, मध्ये दोनदा हसून, राजीखुशीने सही केली आहे.

सही: आनंदी दीनानाथ वाल्हेकर

साक्षीदार: आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. आम्हाला यातून काही मिळत नाही.

१. सर्जेराव ढमाले, निवृत्त हमाल, मार्केट यार्ड
२. तुळजाबाई खैरे, शेजारी, तळमजला

स्थळ: पुणे
दिनांक: १७ नोव्हेंबर २०१९, रविवार