अर्धा राहिलेला धवला

आये, मी पनवेलला आलेय आणि हॉटेलात उतरलेय. माहेरी येऊन हॉटेलात उतरणारी आपल्या घराण्यातली मी पहिलीच. तू असतीस तर विचारलं असतंस, "आपलं घर काय जळलं काय गो?" जळलं नाही, नुसतं बंद आहे. तू गेल्याला आता दहा वर्षं होतील, आणि तुझ्यामागे तिथे दिवा लावायलाही कुणी नाही. काकांच्या थोरल्याने, आपल्या दादाने, कळंबोलीच्या अलीकडे हायवेला लागून पाच मजली हॉटेल बांधलंय. पुढच्या महिन्यात त्याच्या लेकीचं लग्न इथेच आहे. त्याआधी दोन दिवस येऊन जा, तुझ्याकडे काम आहे, असा त्याने पुण्याला फोन केला. कसलं काम ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

खोली चांगली आहे. इतकी चांगली की पहिला तासभर मी चपला हातात धरून गालिच्यावरून चालले. खिडकी उघडत नाही, एसी आहे म्हणून. न्हाणीघरात लोळून आंघोळ करायचा पांढराशुभ्र टब आहे, आणि संडासावर कागदाची पट्टी लावलेली असते, म्हणजे आपल्याआधी तिथे कुणी बसलं नाही असं समजायचं. तुझा जावई खूष आहे. त्याला वाटतं, माझ्या माहेरची माणसं अखेर सुधारली. तो हे मोठ्याने म्हणतो आणि मी ऐकून घेते. लग्नाला बारा वर्षं झाली, ऐकून घेणं मला छान जमतं.

काल संध्याकाळी दादा आम्हाला गच्चीवर घेऊन गेला. गच्ची म्हटलं की मला अजून तुझी सुकट आठवते, वाळत घातलेली, आणि काठी घेऊन कावळे हाकलत बसलेली तू. दादाच्या गच्चीवर बार आहे. उंच स्टुलं, काचेचा कठडा, कुंड्यांतली ताडाची झाडं. कठड्यापाशी उभं राहिलं की एका बाजूला लोखंडाची गोदामं आणि ट्रकांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला आपली भातशेती होती ती जागा. तिथे आता रस्त्यांचे चौकोन आखलेत. ऊन उतरत होतं. मुंबईहून आलेली पाचसहा पाहुणेमंडळी ग्लास घेऊन बसली होती. आणि स्पीकरमधून तू गायला लागलीस.

माझ्या हातातला सरबताचा ग्लास मी खाली ठेवला. तोच आवाज, थोडा नाकातला, शब्दाच्या शेवटी ओढलेला. दादा कानाशी येऊन म्हणाला, "ताये, वलखलास? तुज्या लग्नानची टेप हाय. पाव्हण्यांना लय आवडते." तेव्हा त्याने नवा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि मांडवभर तो मिरवत फिरत होता, हे मला आठवलं. त्यापुढचंही आठवलं. पुढे काय येणार ते ठाऊक होतं, तरी मी उठून गेले नाही.

आये, तू धवलारीण. आपल्याकडे धवलारणीने धवले गायल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही, मग भटजी असो वा नसो. आसपासच्या किती गावांत तुझ्या तोंडून लग्नं लागली. तुझा नियम एकच होता: सुरू केलेला धवला मधेच सोडायचा नाय, देवांना बोलावून दारात उभं ठेवायचं नसतं. माझ्या लग्नात तू देवांना एकेक करून बोलवत होतीस. समोर खुर्च्यांवर पुण्याची माणसं बसली होती, बँकेतली, कॉलेजातली. एक बाई रुमालात हसली. दुसरीने घड्याळ पाहिलं. मी मुंडावळ्या सावरत तुझ्याकडे वळले आणि म्हणाले ते सगळं दादाच्या टेपमध्ये आहे. स्वच्छ, शुद्ध मराठीत: "आई, पुरे कर आता. लोक हसतायत." जन्मभर तुला आये म्हटलं आणि त्या दिवशी आई म्हणाले.

काल गच्चीवर ते वाक्य आलं आणि पाहुणे खदखदून हसले. तुझा जावईही हसला. "कोण गं ही शिष्ट?" त्याने विचारलं. बारा वर्षं माझ्या हातचं जेवणाऱ्या माणसाला माझा आवाज ओळखू आला नाही. मग टेपमध्ये खरखर झाली आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं.

तू तेव्हा गप्प झालीस. चुलीपाशी जाऊन वडे तळत बसलीस, आणि मी निघताना माझ्या हनुवटीला हात लावून एवढंच म्हणालीस, "अर्दाच ऱ्हायला गो." त्यानंतर तू कुठल्याच मांडवात गायली नाहीस. बोलवायला येणाऱ्यांना सांगायचीस, आधी पोरीचा पुरा होऊ दे. हे मला दादाच्या आईकडून, काकीकडून कळत होतं. दोन वर्षं तू वाट पाहिलीस आणि दोन वर्षं मी पुण्यात पडद्यांचे रंग निवडत होते. मला तुझा राग येतो, आये. एक थोबाडीत का नाही दिलीस? भर मांडवात माझ्यावर ओरडून पुढचं का नाही गायलीस? कुणाच्या बापाची भीती नव्हती तुला, आणि माझ्यासमोर मात्र तेवढी शहाण्यासारखी वागलीस. गप्प बसून तू जी शिक्षा दिलीस ती मी इथे एसीत बसून भोगतेय.

पाहुणे उठल्यावर दादाने काम सांगितलं. त्याचा चेहरा हॉटेलमालकाचा नव्हता, लहानपणी तुझ्याकडे वडे मागायला यायचा तसा होता. "पोरीचं लगीन हाय. गावान आता धवलारीण ऱ्हायली नाय. टेप अर्दीच हाय, अर्द्या धवल्यावर कसं लगीन लावू? तू तुज्या आयेच्या मांडीवर वाढलीस. तुला पुढचं येतं का गो?"

जावई शेजारीच उभा होता. मी म्हणाले, "छे रे, मला कुठलं येतंय." शुद्ध मराठीत. दादा बरं म्हणाला आणि कठड्यावरचे रिकामे ग्लास स्वतःच उचलायला लागला.

आता सकाळ आहे. जावई खाली नाश्त्याला गेलाय, दुपारी आम्ही निघू. हे मी हॉटेलच्याच कागदावर लिहिलंय, निघताना फाडून टाकेन. खरं सांगायचं तर मला सगळा येतो, आये, तेव्हाही येत होता. पहाटे मी न्हाणीघरात गेले आणि जिथे तुला थांबवलं होतं तिथून शेवटपर्यंत म्हटला. एकही शब्द चुकला नाही. फक्त टबाचा नळ पूर्ण सोडून ठेवला होता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.