जानरावाची शापो

माघ शुद्ध ३, शके १७८५. अमरावती

जानराव दलाल आज पुन्हा आला! कापसाला भाव चढला तसा हा चढला. एका फ्रेंच सायबासाठी गाठी पाहतो म्हणे. त्या सायबाकडून कापसाची पारख नाही, कपड्यांची नावं शिकला! विजार म्हणायचं नाही — पांतालों. बंडी नाही — जिले. हातमोजे म्हणजे गां. अमरावतीच्या दुपारी हातमोजे! डोक्यावर पागोटं सोडून उंच काळी टोपी, तिचं नाव शापो. "कवा घालाव, कवा काढाव, याचीबी रीत असते," म्हणाला. पुढचं मी ऐकलंच नाही. हसू आवरत होतो.

माघ शुद्ध ५

कळलं का येतो ते. मनकर्णेशी पाट लावायचा आहे त्याला! माझी बहीण विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून आमच्या घरात राबते आहे. तिला स्वतःचं घर मिळालं तर मला हवंच आहे. पण हा बहुरूपी मेहुणा?

माघ शुद्ध ८

काय फजिती! पाटाची बोलणी करायला बैठक भरली. मनकर्णा पाणी घेऊन बाहेर आली. जाणत्यांनी नेहमीसारखी तोंडं फिरवली — विधवा ना! आणि जानराव? उभा राहिला, टोपी काढली, वाकला. भर बैठकीत बोडकं डोकं! आपल्याकडे घरात मयत झाली की पागोटं उतरवतात.

बाबा कडाडले, "कोन मेलं बे तुह्या घरी?"

बैठक मोडली. मी पोट धरून हसलो.

माघ शुद्ध ९

मनकर्णा जेवली नाही. म्हटलं, त्या सोंगासाठी?

"दादा, सायबाच्या मुलखात मानाची बाई आली का शापो काढतात. त्यानं तवाच सांगतलं होतं, तुमी हासून राह्यले होते." मग म्हणाली, "मले पाहून समदे तोंड फिरवतात. तो उभा राह्यला."

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. टोपी मात्र भिकारच आहे.

माघ शुद्ध १२

जानराव माफी मागायला आला, चक्क पागोटं बांधून. बाबा खूश. तेवढ्यात मनकर्णा दाराशी आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, उठला, पागोटं उतरवून हातात घेतलं.

बाबा ताडकन उठले. मी त्यांचा हात धरला.

"बसा, बाबा. शापो होय ते."