शेवटचा जोड

३ जून १८५३
पंप उतरला. जहाजावरून धक्क्यावर आणायला चौदा माणसं लागली. आमच्या नव्या अग्निशमन पथकाचे कॅप्टन ओलिव्हारेस म्हणाले, "पगार नाही, वर कपडे जळतील. आग विझवायला कोण येतंय?" निकानोर बेकरीवाला सगळ्यांआधी पुढे. त्याच्यामागे मी. मी खोगीरं शिवतो, म्हणून चामडी नळी शिवायचं माझ्याकडे आलं.

२१ जून
नळी दिली. शेवटचा जोड घाईत एकेरी दोऱ्याने शिवला. उद्या दुहेरी करतो.

२२ जून
वाल्पाराइसो शहरभर पाऊस. राहिलं.

२४ जून
सान हुआनचा सण. भर दुपारी घंटा झाली – मेणबत्तीवाल्याचं दुकान पेटलं. माडीवर म्हातारी अडकलेली. निकानोर नळीचं तोंड धरून आत गेला, आम्ही आठ जण पंपावर. पाणी चांगलं चढत होतं. मग तोच जोड उसवला. सगळं पाणी रस्त्यावर. म्हातारीला त्याने खिडकीतून आमच्या हातांत दिलं. तो आला नाही.

२६ जून
पुरलं त्याला. कबरीपाशी कॅप्टननी हजेरी घेतली, त्याचंही नाव पुकारलं. सगळे मिळून त्याच्यासाठी "हजर" म्हणाले. माझं तोंड उघडेना.
नंतर कॅप्टन म्हणाले, "निखारा पडून चामडं जळलं असणार. काय रे फेर्मिन?"
मी मान हलवली. हो म्हणून!

५ जुलै
आरी हातात घेतली की पाठीमागे कुणीतरी श्वास घेतं – धुरात घेतात तसा, तुटक. वळून पाहतो. भिंत. पाव आणायला आता दुसऱ्या टेकडीवरच्या बेकरीत जातो.

९ जुलै
निकानोरची बायको, त्रान्सितो, स्वतः दुकानात आली. हातात गरम पाव. "तुम्ही येत नाही, म्हणून मीच आले. त्या दिवशी हजेरीला तुमचा आवाज आला नाही, फेर्मिन." पाव तसाच पडून आहे.

१२ जुलै
सकाळी बेकरीत जाऊन सांगून टाकलं. एकेरी दोरा, पाऊस, हलवलेली मान – सगळं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. शेवटी म्हणाली, "आज जा. उद्या या."

१३ जुलै
गेलो. त्रान्सितो म्हणाली, "सणाच्या आदल्या दिवशी नळी वाळत घालताना त्याने तो जोड पाहिला होता. तुम्हाला सांगायला तसाच निघालेला. मीच थांबवलं – म्हटलं, सण होऊ दे, मग सांग."